दहीहांड्याचे मीठ आणि शिकागोचा समुद्र

अकोल्याहून अकोटच्या रस्त्याने निघाले की गांधीग्रामजवळ पूर्णा नदी लागते. नदीच्या दोन्ही बाजूंना नजर पोहोचेल तिथवर सपाट, काळी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी जमीन दिसते. हा खारपाणपट्टा. अकोला, अमरावती आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांतून पसरलेल्या या पट्ट्यात विहीर खणली की पाणी लागते, पण ते खारे. पिकाला दिले तर जमीन बिघडते आणि प्यायले तर तहान भागत नाही.

काही वर्षांपूर्वी या पट्ट्यातील एका शाळेत आम्ही मत्स्यालयाविषयी बोलायला गेलो होतो. सोबत चित्रे नेली होती. त्यांतला नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला विदूषक मासा मुलांना फार आवडला. हा मासा गोड्या पाण्यात जगत नाही, त्याला खारेच पाणी लागते, असे आम्ही सांगताच मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला.

"सर, आमच्या विहिरीचं पानी त खारंच हाय. मंग हा मासा त्याच्यात जगन का?"

वर्ग हसला. आम्हीही हसलो आणि "नाही रे, ते खारे पाणी वेगळे," असे म्हणून पुढे गेलो. परतीच्या एस.टी.त मात्र तो प्रश्न आमचा पिच्छा सोडीना. वेगळे म्हणजे कशाने वेगळे? कमी खारे म्हणून, की खारेपणाच निराळा म्हणून? मीठ घालून ते समुद्रासारखे करता येईल का? त्या मुलाने आपल्या गावच्या पाण्याकडे पाहून प्रश्न विचारला होता, आणि आम्ही त्याला उत्तर न देता गप्प बसवले होते. पुढे वाचू लागलो तेव्हा ध्यानात आले की खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाचा सगळा इतिहास म्हणजे याच प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा इतिहास आहे. तो आपणही शिकवताना सांगू शकाल, म्हणून येथे मांडत आहोत.

काचेच्या पेटीतला पहिला पुरावा

समुद्रातील जिवंत प्राणी काचेच्या पेटीत ठेवून त्यांचा पद्धतशीर अभ्यास प्रथम केला तो एका स्त्रीने. झान विलप्रे-पॉवर ही फ्रान्समधील एका खेड्यात १७९४ साली जन्मली. तरुणपणी ती पॅरिसला गेली, कपड्यांवर कशिदा काढण्याचे काम करू लागली आणि लग्नानंतर सिसिली बेटावरील मेसिना या बंदरात राहायला गेली. तेथे तिचे लक्ष अर्गोनॉट या आठ बाहूंच्या, कागदासारख्या पातळ शिंपल्यात राहणाऱ्या प्राण्याकडे गेले. हा प्राणी शिंपला स्वतः तयार करतो, की शंखातल्या खेकड्याप्रमाणे दुसऱ्याचे घर बळकावतो, यावर त्या काळी मोठा वाद होता.

मेलेल्या नमुन्यांवरून हा वाद सुटण्यासारखा नव्हता. १८३० नंतरच्या दशकात विलप्रे-पॉवरने काचेच्या टाक्या बनवल्या, समुद्रात बुडवून ठेवण्याचे पिंजरेही केले आणि त्यांत अर्गोनॉट पाळले. शिंपल्याला भोक पाडले तर तो प्राणी ते स्वतः बुजवतो, हे तिने डोळ्यांनी पाहिले. अर्गोनॉट आपला शिंपला आपणच घडवतो हे सिद्ध झाले. तिच्या टाक्यांना पाण्याची चिंता मात्र नव्हती. मेसिनाचा समुद्र दाराशीच होता, पाणी बिघडले की ताजे आणता येत होते.

समुद्रापासून दूर राहणाऱ्यांनी काय करायचे? १८४६ साली अॅना थिन या बाईंनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील टॉर्की येथून काही पोवळी दगडी बरणीत घालून लंडनला आणली. शिळ्या होणाऱ्या पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्या घरातील मोलकरणीकडून ते पाणी उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात वरून ओतून घेत. चहा गार करताना आपण कपातून बशीत ओततो, तसाच हा प्रकार. पुढे त्यांनी पाण्यात समुद्री वनस्पती ठेवायला सुरुवात केली. पोवळी सुमारे तीन वर्षे जगली. आजच्या टाकीत बुडबुडे सोडणारा हवेचा पंप जे काम करतो, तेच ती मोलकरीण करीत होती. तिचे नाव मात्र कोणी लिहून ठेवलेले नाही.

वॉरिंग्टनचा समतोल

पाणी ओतत न बसता ते चांगले राखता येईल का, याचा विचार रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनमधील रसायनतज्ज्ञाने केला. १८४९ मध्ये त्याने सुमारे ५५ लिटरच्या काचपात्रात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरियाची रोपे ठेवली. जीवशास्त्र शिकवणाऱ्यांना ही वनस्पती चांगली परिचित आहे, कारण पाण्यामार्फत होणाऱ्या परागीभवनाचे उदाहरण म्हणून पाठ्यपुस्तकात हीच येते. वनस्पती प्राणवायू देईल, मासे कार्बन डायऑक्साइड देतील आणि दोघांचे भागेल, असा त्याचा हिशेब होता.

हिशेब अर्धाच बरोबर निघाला. जुनी पाने कुजू लागली आणि पाणी गढूळ झाले. मग वॉरिंग्टनने तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाल्ली, त्यांची अंडी-पिल्ले माशांनी खाल्ली आणि पाणी पुन्हा निवळले. १८५० साली त्याने हे निरीक्षण लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे मांडले. त्यानंतर हाच प्रयोग त्याने समुद्राच्या पाण्यावरही केला.

या प्रयोगात वॉरिंग्टनला एक गोष्ट दिसली आणि एक दिसली नाही. टाकीत घाण साफ करणारा कोणीतरी लागतो, हे त्याला दिसले. ते काम गोगलगायींहून कितीतरी पटींनी अधिक करणारे जीव डोळ्यांना दिसतच नाहीत, हे कळायला आणखी काही दशके लागायची होती.

चार क्षारांचा समुद्र

१८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले. तेथे बरेच समुद्री जीव पुरवले होते फिलिप हेन्री गॉस या निसर्गअभ्यासकाने. पुढच्याच वर्षी त्याने मत्स्यालयावर पुस्तक लिहिले आणि घरोघरी काचेच्या टाक्या ठेवण्याची लाट आली. पण लंडनच्या माणसाने समुद्राचे पाणी रोज कोठून आणायचे? गॉसने समुद्राच्या पाण्याचे तोवर झालेले रासायनिक पृथक्करण समोर ठेवले आणि १८५४ मध्ये घरीच समुद्र तयार केला. त्याच्या कृतीत १०० भागांत ८१ भाग साधे मीठ, ७ भाग एप्सम मीठ म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, १० भाग मॅग्नेशियम क्लोराइड आणि २ भाग पोटॅशियम क्लोराइड होते. हे मिश्रण गोड्या पाण्यात विरघळवून त्याने आधी समुद्री शैवाल ठेवले आणि काही दिवस थांबून मगच प्राणी सोडले.

चुन्याचे क्षार त्याने वगळले होते. आजच्या ज्ञानाने ही कृती अपुरी आहे. तरीही तिच्यातले ते दोन भाग पोटॅशियम क्लोराइड वाचकांनी ध्यानात ठेवावे. शंभरात दोन म्हणजे वगळले तरी काय बिघडते, असे वाटणे स्वाभाविक आहे. काय बिघडते ते पुढे येईलच.

या लाटेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गॉसची पुस्तके वाचून हजारो हौशी माणसे किनाऱ्यावर उतरली आणि खडकांतल्या डबक्यांमधील जीव ओरबाडून नेऊ लागली. काही वर्षांत इंग्लंडचे कित्येक किनारे ओस पडले. त्याचा मुलगा एडमंड याने १९०७ साली आपल्या आठवणींत याची खंत लिहून ठेवली आहे. निसर्गाचे प्रेम लावण्यासाठी लिहिलेल्या पुस्तकानेच निसर्गाची लूट झाली. मत्स्यालय मांडणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट टाकीत पाणी भरण्यापूर्वी आठवावी.

खारेपणाचे गणित

समुद्राच्या पाण्यात काय असते, हा प्रश्न दरम्यान रसायनशास्त्रज्ञांनी हाती घेतला होता. १८१९ साली अलेक्झांडर मार्से याने निरनिराळ्या समुद्रांचे पाणी तपासून सांगितले, की पाणी कमी खारे असो वा अधिक, त्यातील क्षारांचे एकमेकांशी प्रमाण जवळजवळ सारखेच असते. १८६५ मध्ये डेन्मार्कच्या फोर्खहामर याने तेच अधिक नमुन्यांवर दाखवले. १८७२ ते १८७६ या काळात चॅलेंजर या जहाजाने जगाचे महासागर पालथे घातले. त्या सफरीत गोळा केलेले ७७ नमुने विल्यम डिटमार याने बारकाईने तपासले आणि १८८४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. मार्सेचे म्हणणे खरे ठरले.

सरासरी समुद्राच्या एक किलोग्रॅम पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांत क्लोराइड सुमारे १९.४ ग्रॅम, सोडियम १०.८, सल्फेट २.७, मॅग्नेशियम १.३, कॅल्शियम ०.४ आणि पोटॅशियमही ०.४ ग्रॅम असते. महासागर एकमेकांना जोडलेले आहेत आणि त्यांचे पाणी युगानुयुगे ढवळले जाते, म्हणून हे प्रमाण सगळीकडे सारखे झाले. समुद्री मासे याच प्रमाणात घडले आहेत.

जमिनीतल्या खाऱ्या पाण्याला असा नियम नाही. प्रत्येक ठिकाणचे खारेपण त्या त्या खडकाने, मातीने आणि उन्हाने घडवलेले असते. वऱ्हाडातच याची दोन उदाहरणे आहेत. बुलडाणा जिल्ह्यातील लोणारच्या उल्काविवरातील पाणी खारे आहे, पण त्यात सोडियमचे कार्बोनेट व बायकार्बोनेट भरपूर असल्याने ते साबणाच्या पाण्यासारखे अल्कधर्मी आहे. त्याचा सामू १० च्या आसपास जातो आणि त्यात मासे नाहीत. दुसरे उदाहरण पूर्णेच्या खोऱ्याचे. येथे सातपुडा आणि अजिंठ्याचे डोंगर यांच्यामधल्या खचलेल्या भागात नदीने आणलेल्या गाळाचे जाड थर साचले आहेत. या मातीतून पाण्याचा निचरा सावकाश होतो. पाऊस कमी, ऊन कडक. पाणी वाफ होऊन जाते आणि क्षार मागे राहतात. "येथे पूर्वी समुद्र होता, म्हणून पाणी खारे," असे पुष्कळदा ऐकू येते, पण या खारेपणाचा उगम समुद्रात नाही.

१९३० साल

आता एकाच वर्षातल्या दोन घटना पाहू.

६ एप्रिल १९३० रोजी गांधीजींनी दांडीच्या किनाऱ्यावर मीठ उचलले आणि देशभर मिठाचा कायदा मोडण्यास सुरुवात झाली. वऱ्हाडला समुद्रकिनारा नाही. मग वऱ्हाडातील सत्याग्रहींनी काय केले? अकोल्याच्या उत्तरेला दहीहांडा गावाच्या परिसरात खाऱ्या पाण्याच्या विहिरी होत्या. त्यांच्या पाण्यापासून पूर्वी मीठ काढीत, अशी नोंद इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरमध्ये सापडते. त्याच एप्रिल महिन्यात सत्याग्रही दहीहांड्याला जमले आणि त्यांनी विहिरीच्या खाऱ्या पाण्यापासून मीठ तयार करून कायदा मोडला. पिकाला आणि पिण्याला निरुपयोगी ठरलेले पाणी त्या दिवशी कामी आले.

त्याच वर्षी अमेरिकेतील शिकागो शहरात शेड मत्स्यालय उघडत होते. शिकागोही समुद्रापासून दूर आहे. त्याच्या शेजारचे मिशिगन सरोवर गोड्या पाण्याचे. तेथे कायमचे समुद्री मासे ठेवायचे ठरले, तेव्हा फ्लोरिडाच्या टोकाला असलेल्या की वेस्ट येथून रेल्वेने समुद्राचे पाणी आणण्यात आले. टाकीच्या २० डब्यांनी ८ फेऱ्या केल्या आणि सुमारे ३८ लाख लिटर पाणी दोन हजार किलोमीटरांहून अधिक अंतर कापून शिकागोला पोहोचले.

गॉसची कृती ७६ वर्षांपूर्वीच छापून झाली होती. तरीही समुद्र रेल्वेत भरून आणावा लागला, यावरून कृत्रिम समुद्रावर तोवर फारसा भरवसा नव्हता हे दिसते. १९६० नंतरच्या दशकात मात्र सर्व मुख्य आणि सूक्ष्म घटक मोजून घातलेली तयार मिश्रणे बाजारात आली आणि समुद्रापासून दूरच्या गावी खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणे सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. अकोला ते मुंबई हे रेल्वेचे अंतर सुमारे ५८० किलोमीटर आहे. आज समुद्रासाठी तेवढा प्रवास करायला नको.

आपल्या देशात मद्रासच्या मरीना किनाऱ्यावर १९०९ साली सागरी मत्स्यालय सुरू झाले होते. मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. मुंबईला सहलीला गेलेल्या वऱ्हाडातील किती तरी मुलांनी समुद्रातला जिवंत मासा पहिल्यांदा पाहिला तो तेथेच.

न दिसणारे सफाई कामगार

शाळेतून परतल्यावर आम्ही अकोल्यात एक टाकी मांडायचे ठरवले. समुद्री मीठ आणले, पाणी तयार केले, वाळू घातली. दुकानदार म्हणाला, "पाणी स्वच्छ दिसते ना? मग उद्या मासे न्या." आम्ही नेले. चौथ्या दिवशी एक मासा पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागला, सहाव्या दिवशी दोन्ही मेले. पाणी आरशासारखे नितळ होते.

चूक आमची होती आणि तिचे उत्तर १८७७ सालापासून उपलब्ध होते. त्या वर्षी फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्यून्त्स यांनी सांडपाणी वाळू व चुनखडीने भरलेल्या लांब नळीतून सावकाश सोडले. पहिले काही आठवडे काहीच घडले नाही. मग खालून येणाऱ्या पाण्यातला अमोनिया नाहीसा झाला आणि त्याच्या जागी नायट्रेट आले. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ही क्रिया थांबली. अर्थात ती करणारे सजीव होते. १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्की याने असे जिवाणू वेगळे करून दाखवले. एका गटाचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसऱ्या गटाचे नायट्राइटचे नायट्रेट.

मासे कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतात. समुद्राच्या पाण्याचा सामू ८ च्या वर असल्याने त्यात अमोनियाचा विषारी अंश गोड्या पाण्यापेक्षा अधिक राहतो. नव्या टाकीत जिवाणूंची वसाहत नसते. ती वाळूवर, दगडांवर बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आमच्या माशांना आम्ही सहा दिवस दिले होते. "पहिले काही आठवडे काहीच घडले नाही" हे वाक्य आम्ही वाचले असते, तर ते दोन जीव वाचले असते. मुलांना हे आम्ही जसे घडले तसेच सांगितले.

वऱ्हाडात पहिली टाकी मांडताना

या इतिहासातून जे शिकलो ते थोडक्यात असे.

टाकी लहान नको, मोठी हवी. पाणी जितके जास्त तितके बदल सावकाश होतात. १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसचे मत्स्यालय उभारताना विल्यम अल्फर्ड लॉईड याने दिसणाऱ्या टाक्यांपेक्षा कित्येक पट मोठा हौद खाली अंधारात ठेवला होता, तो याचसाठी. शाळेसाठी १०० ते १५० लिटरची टाकी बरी. पाणी, काच आणि वाळू मिळून वजन दीड-दोनशे किलोपर्यंत जाते, म्हणून बाक भक्कम हवा.

पाणी विहिरीचे किंवा बोअरचे नको. आरओ यंत्राचे पाणी घेऊन त्यात दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम तयार समुद्री मिश्रण विरघळवावे. १०० लिटरला साडेतीन किलो लागते. स्वयंपाकघरातले मीठ चालत नाही. त्यात बाकीचे क्षार नसतात. २५ अंश तापमानाला पाण्याची विशिष्ट घनता १.०२४ ते १.०२६ भरली पाहिजे. तळाला पोवळ्यांचा चुरा घालण्याचा मोह टाळावा. आपल्याकडे पोवळ्यांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. शिंपल्यांचा चुरा तेच काम करतो.

त्यानंतर माशांशिवाय टाकी चालू ठेवावी. रोज चिमूटभर माशांचे खाद्य टाकावे, म्हणजे ते कुजून अमोनिया तयार होतो आणि जिवाणूंना अन्न मिळते. दर दोन दिवसांनी तपासणी संचाने अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट मोजून फळ्यावर आलेख काढावा. अमोनिया वर जाऊन खाली येतो, मग नायट्राइट वर जाऊन खाली येते. दोन्ही शून्य झाले की टाकी तयार. एवढा आलेख वर्गाने स्वतः काढला, तर नत्रचक्राचा धडा वेगळा शिकवावा लागत नाही.

वऱ्हाडचा उन्हाळा ही मोठी अडचण आहे. पाणी २५ ते २७ अंशांवर राहावे लागते आणि अकोल्याचा मे महिना ४५ अंशांपर्यंत जातो. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. शिवाय खाऱ्या पाण्यात तो मुळातच कमी. ३० अंशांना एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, समुद्राच्या पाण्यात सव्वासहाच्या आसपास. वीज गेली तर हवेचा पंप बंद पडतो, म्हणून बॅटरीवर चालणारा पंप जवळ हवाच. पाण्यावर पंखा सोडला तर बाष्पीभवनाने टाकी काही अंश थंड होते, पण पाणी घटते. घटलेले पाणी भरताना खारे नव्हे, गोडेच घालायचे, कारण पाणी उडाले तरी मीठ टाकीतच असते. हे पटवायला खारपाणपट्ट्यातील मुलांना कूलरच्या गवती ताट्या दाखवाव्या. एका उन्हाळ्यात त्यांवर पांढरा थर चढतो. पाणी गेले, क्षार राहिले.

टाकी पावसाळ्यात, शाळा सुरू झाल्यावर मांडावी. आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तिची देखभाल कोण करणार, याचे उत्तर आधी मिळवावे. ते मिळत नसेल तर मासे आणू नयेत.

कोणते मासे?

पहिला मासा म्हणून आम्ही आता मॉली सुचवतो. अमरावती-अकोल्याच्या बाजारात हा स्वस्तात मिळतो, गोड्या पाण्यात विकला जातो, पण त्याच्या शरीराला खारेपणातला फरक पेलता येतो. कित्येक तास घेऊन, थेंबाथेंबाने खारे पाणी वाढवत नेले, तर तो पूर्ण समुद्री पाण्यातही राहतो. तो पाळीव पैदाशीचा असल्याने समुद्रातून काही काढावे लागत नाही.

मॉली काही महिने नीट राहिले, की विदूषक माशांची एक जोडी आणावी, तीही पैदास केंद्रातलीच. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने या माशांच्या पैदाशीचे तंत्र आपल्याकडे विकसित केले आहे. हे मासे जन्मतः सगळे नर असतात. जोडीतला मोठा, वरचढ मासा मादी बनतो. लिंगनिश्चिती नेहमी गुणसूत्रांनीच ठरते असे समजणाऱ्या विद्यार्थ्यांना हे उदाहरण जरूर द्यावे. डॅमसेल मासे काटक असतात, पण भांडकुदळ. लहान टाकीत एकच ठेवावा.

फुलपाखरी मासे घेऊ नयेत. त्यांच्या कित्येक जाती जिवंत पोवळ्यांवर जगतात आणि टाकीत उपाशी मरतात. निळा सर्जन मासा वाढून ३० सेंटिमीटरपर्यंत जातो. सिंहमाशाचे काटे विषारी असतात, शाळेत तो नकोच. समुद्रघोडा पाळणे कायद्याने मना आहे. आणि दुकानातला मासा समुद्रातून पकडलेला आहे की पैदास केलेला, हे विचारल्याशिवाय घेऊ नये. काही देशांत प्रवाळ बेटांवरील मासे सायनाइड फवारून बेशुद्ध करून पकडले जात आले आहेत. त्यांतले पुष्कळ मासे पुढे मरतात आणि पोवळीही मरतात.

मागच्या बाकाचे उत्तर

यानंतर आम्ही त्या शाळेत पुन्हा गेलो. या वेळी चित्रे नेली नाहीत. तराजू, स्टोव्ह, एक पातेले आणि लिंबू नेले. त्या मुलाला त्याच्या विहिरीचे एक लिटर पाणी आणायला सांगितले होते. ते आटवून तळाशी उरलेला पांढरा थर मुलांनी खरवडून तोलला. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. तेवढे साधे मीठ शेजारच्या कागदावर तोलून ठेवले होते. दोन ढिगांतला फरक सांगावा लागला नाही. मग दोन्हींवर लिंबू पिळले. मीठ गप्प राहिले, विहिरीचा थर फसफसला. याचा अर्थ विहिरीच्या पाण्यात मिठाखेरीज कार्बोनेटसारखेही काही आहे. म्हणजे ते कमी खारे आहेच, शिवाय त्याचा खारेपणाही निराळा आहे.

"मंग वरून मीठ टाकलं त?" त्याने विचारले.

या प्रश्नाचे उत्तर हरियाणात सापडते. तेथेही जमिनीखाली खारे पाणी आहे. त्यात कोळंबी वाढवण्याचे प्रयोग केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेने रोहतकजवळच्या लाहली येथील केंद्रात केले. अशा पाण्यात खारेपणा पुरेसा असला तरी पोटॅशियम फार कमी असते, कारण मातीतील चिकण-खनिजे ते धरून ठेवतात. शरीरातील क्षारांचा तोल राखण्यासाठी पेशींना सोडियमबरोबर पोटॅशियमही लागते. ते नसेल तर कोळंबी मरते. पाण्यात पोटॅश मिसळल्यावर मात्र तेथे कोळंबीचे पीक घेता येऊ लागले. गॉसच्या कृतीतले शंभरातले दोन भाग ते हेच.

आम्ही त्याला म्हटले, की नुसते मीठ टाकून भागणार नाही. तुझ्या पाण्यात काय आहे आणि काय नाही, हे आधी मोजावे लागेल. ते मोजले तर काय घालायचे ते ठरवता येईल. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात माती-पाण्याची तपासणी करणारी मंडळी आहेत, त्यांच्याकडे नमुना कसा न्यायचा हेही सांगितले.

त्याने वहीत पाण्याची तारीख, विहिरीची खोली आणि आटवून मिळालेल्या क्षाराचे वजन लिहून घेतले. शेजारच्या बाकावरची मुलगी म्हणाली, की तिच्या विहिरीचे पाणी याच्याहून खारे आहे, तेही आटवून पाहू. त्या दिवशी पाच विहिरींची यादी झाली. आपल्या शाळेच्या पंचक्रोशीतील विहिरींची अशी यादी पावसाळ्यापूर्वी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा करून पाहावी. मत्स्यालय नंतर मांडले तरी चालेल.